चार वर्षं की पाच

बारावीनंतर माझ्यापुढे दोन जागा होत्या. एक ग्वाल्हेरच्या बाजूला नव्याने निघालेल्या खासगी कॉलेजात, आर्किटेक्चरल डिझाइनची चार वर्षांची पदवी. दुसरी भोपाळला, पाच वर्षांची बी.आर्क.

बाबांचं मन ग्वाल्हेरवर बसलं होतं. ते रेल्वेच्या सिग्नल खात्यात. नोकरीपायी भुसावळहून झाशीला आलेले. एक वर्ष कमी, घरापासून तास-दीड तासावर, मुलगी रविवारी घरी जेवायला. आई झाशीजवळच्या गुरसरायच्या जुन्या मराठी घरातली. तिने दोघांचंही ऐकून घेतलं आणि म्हणाली, आधी दोन्ही जागा डोळ्यांनी पाहून या. मला भोपाळच हवं होतं, पण का, ते धड सांगता येत नव्हतं. शेजारच्या आंटी समजावायच्या की बिटिया, डिग्री तो डिग्री है.

ग्वाल्हेरचं कॉलेज खरोखर देखणं होतं. काचेची इमारत, थंडगार हॉल, रांगेने नवे कॉम्प्युटर. प्रवेशाचं काम बघणाऱ्या भैयांनी आम्हाला कोल्ड्रिंक दिलं आणि सगळं फिरवून दाखवलं. मुलं कुठेच दिसली नाहीत. बाबा खूश होते, सही करायला पेन काढलंच होतं. तेव्हा मी धीर करून विचारलं की इथून शिकल्यावर मला आर्किटेक्ट म्हणून नोंदणी मिळेल का, माझ्या नावाने नकाशावर सही करता येईल का.

भैया हसले. "मॅडम, साइन तो कोई भी कर देता है. काम आना चाहिए."

बाबांनी पेनाचं टोपण लावलं. त्यांनी अगदी शांतपणे, पण तोच प्रश्न पुन्हा विचारला: नोंदणी मिळेल की नाही? भैयांनी कॅम्पसची, प्लेसमेंटची, परदेशी सहलींची गोष्ट सांगितली; हो मात्र म्हणाले नाहीत. बाबा उठले.

परतीच्या गाडीने दतिया स्टेशन सोडलं. तेव्हा बाबा म्हणाले, "आमच्या खात्यात ज्याला अधिकार नाही, त्याच्या सहीवर गाडी सुटत नाही. तुझंही तसंच असलं पाहिजे."

त्याच आठवड्यात आम्ही भोपाळला गेलो. इमारत जुनी, भिंतींवर ओल, पंखे घरघरणारे. पण स्टुडिओत पाय ठेवायला जागा नव्हती. फरशीवर पुठ्ठे, पट्ट्या, फेविकॉल आणि त्यात बसलेली मुलं. एका सीनियर ताईने मला कोण, कुठली काही न विचारता पुठ्ठ्याची भिंत हातात दिली आणि म्हणाली, "जरा पकडना, गोंद सूखने तक." मी ती धरून बसले. ऊन कुठून येईल, खिडकी का सरकवली, हे ती सांगत राहिली. बाबा दारात उभे राहून बघत होते. गोंद वाळला, भिंत उभी राहिली. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "मला विचारायचं काही उरलं नाही."

पाच वर्षं सोपी नव्हती. पहिल्या वर्षी माझं एक मॉडेल सरांनी सगळ्यांसमोर उलटं करून ठेवलं आणि म्हणाले, असंही काही वाईट दिसत नाही. मी रडले, मग नवं केलं. शेवटच्या वर्षी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्या प्रकल्पासमोर खुर्च्या ओढल्या आणि इतर वर्गांतल्या मुलांनाही बोलावून घेतलं.

नोंदणी झाली. काही काळ दुसऱ्याकडे नोकरी केली, मग झाशीच्या सदर बाजारात जिन्याखालच्या खोलीत माझं ऑफिस थाटलं. पहिलं मोठं काम झाशी जिल्ह्यातल्या गरौठ्याचं: मुलींसाठी अभ्यासिका. नकाशे मंजुरीसाठी तिथल्या नगरपालिकेत घेऊन गेले तेव्हा कारकुनाने माझ्या मागे पाहत विचारलं, "आर्किटेक्ट साहब नहीं आए?"

"मैंच आर्किटेक्ट हूँ," मी म्हणाले. घाईत मराठी 'च' हिंदीत घुसला. त्यांनी नकाशे घेतले आणि खुर्ची पुढे सरकवली.

गेल्या उन्हाळ्यात अभ्यासिका सुरू झाली. भर दुपारी, बाहेर लूचा गरम वारा सुटलेला, आत मुली मी आखलेल्या विटांच्या जाळीच्या भिंतीला पाठ टेकून वाचत होत्या. आई खोलीभर हिंडून आली, भिंतीला तळवा लावून पाहिला. म्हणाली, "गार आहे गं." बाबा मुलींना वाचताना बघत उभे होते, आणि मी, दमलेली, धुळीने माखलेली, इतकी खूश होते की त्या मुलींच्या रांगेत जाऊन भिंतीला पाठ टेकून बसले.