बंदुका खाली ठेवलेलं लग्न

धाकटा भाऊ गेला त्या वर्षी आई आमच्याकडे शारजात होती, रोल्ला भागातल्या दोन खोल्यांत. भाऊ अमेरिकेत एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला होता. कामावरून काढलेला एक माणूस एका सकाळी रायफल घेऊन तिथे परत आला आणि जो समोर दिसेल त्याला गोळ्या घालत गेला. भावाची आणि त्याची ओळखही नव्हती.

भावाच्या मित्राने फोनवर सांगितलं, की ती रायफल त्या माणसाने दुकानातून घेतली होती. मासे पकडायचे गळ आणि तंबू मिळतात, तशाच दुकानातून.

"म्हणजे त्याला बिल दिलं?" आईने विचारलं.

दिलं असणार, मी म्हणालो. मग पेपरात वाचलेलं तिला समजावत बसलो. तिथे काहींच्या मते बंदूक बाळगणं हा माणसाचा हक्क आहे, काहींच्या मते कायदा कडक हवा, आणि असं काही घडलं की दोघे पुन्हा तावातावाने बोलतात. आई शांतपणे ऐकत होती.

"आणि मग काय ठरलं?"

"काही ठरलं नाही, आई."

रडणं तिने फार लवकर आवरलं. पण मोठा आवाज तिला सोसेना. खाली कुणी टेम्पोचं फळकूट आपटलं, तरी ती असेल तिथे खाली बसे. एकदा भाजी घेऊन येताना भर फूटपाथवर बसली. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. मला भीती वाटायची, की ही आता घराबाहेर पडायचंच सोडून देईल.

मी ज्या कंपनीत पत्रव्यवहार बघत असे तिचे अरबाब, म्हणजे मालक, रास अल खैमाच्या डोंगराकडच्या गावचे. भावाची बातमी कळल्यावर ते लिफ्ट बंद असताना तीन जिने चढून आमच्याकडे आले, चटईवर बसले, चहाही न घेता गेले. काही महिन्यांनी त्यांच्या मुलाचं लग्न निघालं. आमच्यात वर्षाच्या आत लग्नकार्याला जात नाहीत, म्हणून मी नकार कसा कळवावा याची वाक्यं जुळवत होतो. आईच म्हणाली, "तो माणूस जिने चढून आला होता. जायचं."

पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. एका उघड्या मैदानात पुरुषांसाठी गालिचे घातले होते, पलीकडे बायकांचा मोठा तंबू. गाडीतून उतरलो आणि डोंगराच्या बाजूने बार ऐकू आला. मग आणखी एक. त्या भागात लग्नात हवेत गोळ्या झाडतात हे मी ऐकलं होतं, पण पाहुणा म्हणून निघताना ते मनातही आलं नव्हतं. आई नेसत्या चांगल्या साडीनिशी खडीवर बसली. बायको तिच्याजवळ वाकली.

मैदानाच्या तोंडाशी पाहुण्यांचं स्वागत करत अरबाबचे वडील उभे होते. जुन्या पिढीतले, तरुणपणी गलबतातून खजूर घेऊन मुंबईला जाणारे, त्यामुळे हिंदी सराईत. काठी टेकत ते जवळ आले.

"बहन, चक्कर आया?"

"नहीं. वो आवाज," आई म्हणाली.

"वो तो खुशी का है. शादी है ना."

"मालूम है. पण मेरा लडका उसीसे गया. अमेरिकामें. काम पे बैठा था."

"किसके साथ झगडा था?"

"झगडा कुछ नहीं था. मारनेवाले को वो पहचानता भी नहीं था."

"बिना झगडे?" म्हाताऱ्याने विचारलं. आईने मान हलवली, तेव्हा त्याने पुन्हा विचारलं, "बिना झगडे?" त्याच्या डोळ्यांत मी जे पाहिलं ते दयेपेक्षा वेगळं होतं. आयुष्यभर बंदुकीबरोबर राहिलेल्या माणसालाही ते कळत नव्हतं.

"अंदर बैठो बहन," तो म्हणाला. "आज आवाज नहीं होगा."

बायकोने आईला तंबूत नेलं. मी त्याच्या मागोमाग मैदानात आलो. तिथे दोन रांगांत पुरुष हातात वेताच्या काठ्या घेऊन डुलत होते आणि मधोमध तरुण रायफली हवेत फेकत होते. दोन माणसांच्या उंचीइतकी वर गेलेली रायफल गरगरत खाली यायची आणि ते न बघता झेलायचे. मला त्या वस्तूचा तिटकारा होता, तरी नजर हलेना. नवरदेव आला की सगळे एकदम बार काढणार होते.

म्हातारा सरळ मधे जाऊन उभा राहिला. ढोल थांबले. तो फार थोडं बोलला. मग कल्ला झाला, आणि माझ्याशेजारी येऊन अरबाब मला हळूच हिंदीत सांगू लागले: बाबा म्हणतात, आज बार नको, बंदुका सकाळपर्यंत खाली ठेवा.

एक पुतण्या म्हणत होता, "काका, बार न काढता नवरदेव आला, तर लोक म्हणतील पोरगा चोरून लग्न करतोय."

दुसरा म्हणाला, "हवेतच तर मारतो. कुणाला लागते?"

"लागली," म्हातारा म्हणाला. "जिला लागली, ती आत बसली आहे."

"पण ही माझ्या आजोबांची बंदूक आहे," पहिला पुतण्या म्हणाला.

"तुझीच आहे. सकाळी घेऊन जा."

मागून कुणीतरी म्हणालं, "त्याचा नेम बघता हवेलाही लागायची नाही," आणि हसू पसरलं. पुतण्या मात्र हसला नाही.

मी अरबाबना म्हणालो, आमच्यासाठी हे नको, आम्ही आईला घेऊन निघतो.

"खलास," ते म्हणाले. "बाबाने बोल दिया."

म्हाताऱ्याने आधी स्वतःच्या खांद्यावरची रायफल उतरवली, तिच्यातली काडतुसं काढून खिशात टाकली आणि ती गालिच्यावर आडवी ठेवली. मग अरबाबनी. मग एकेक जण पुढे येऊ लागला. वृद्ध, तरुण, मिसरूड फुटलेले. पुतण्या सगळ्यांत शेवटी आला, पण आला. कुणाचा हुकूमनामा नव्हता, पोलीस नव्हते, मतदान नव्हतं. गालिचा भरला, तेव्हा दुसरा अंथरला. इतक्या बंदुका एकत्र मी कधी पाहिल्या नव्हत्या आणि इतकं निर्धास्तही मला त्या वर्षात कधी वाटलं नव्हतं.

नवरदेव टाळ्या आणि ढोलांच्या आवाजात आला. वेताच्या काठ्या वर गेल्या, खाली आल्या. बायकांच्या तंबूतून जिभा हलवून काढलेला तो लांबलचक आनंदाचा सूर उठला आणि डोंगरापर्यंत गेला.

परतताना आई पुढच्या सीटवर बसली होती. बाहेर काय झालं ते तंबूत तिला अरबाबच्या बायकोने सांगितलं होतं. बराच रस्ता मागे पडल्यावर ती म्हणाली, "तिथे अमेरिकेत असा एखादा म्हातारा नव्हता का रे?"

मी गाडी चालवत राहिलो.

"एकसुद्धा?" ती म्हणाली.