स्क्रू एकदाच फिरवायचा

एक जुनी बंदूक बघायला एकटीच गाडी घेऊन आयर्लंडच्या पश्चिमेला जाते म्हटल्यावर घरात पहिला प्रश्न आला तो जेवणाचा. माझा नवरा निखिल इथे हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे, त्याच्या ड्यूट्या सांभाळूनच आमच्या घरात सगळं ठरतं. "दोन दिवस बाहेरून मागवा," म्हटलं आणि शुक्रवारी सकाळी डब्लिनमधल्या ब्युमॉन्टहून निघाले.

आधी बंदूक कसली ते सांगते. ठासणीची. कॅनडातल्या फरच्या व्यापारासाठी इंग्लंडमध्ये या स्वस्तात बनायच्या आणि जहाजाने तिकडे जायच्या. तिथले मूळ रहिवासी शिकारी बीव्हरची कातडी देऊन त्या घ्यायचे. आयर्लंडमधली काही माणसंही त्या व्यापारात नोकरीला गेली. त्यांच्यावर इथल्या एका छोट्या संग्रहालयात दालन उघडणार आहे, आणि मुलांना हातात धरता येईल अशी हुबेहूब प्रतिकृती त्यांना करून हवी होती. उडणारी नव्हे, दारू पेटवायचं भोकच नळीला पाडायचं नाही. तरी तुमच्या मनात असलं काही असेल तर आधी गार्डांकडे, म्हणजे इथल्या पोलिसांकडे, विचारून घ्या.

प्रस्ताव आम्ही दोघी मिळून देणार होतो, मी आणि मुग्धा. ती सॉफ्टवेअरमधली, मूळची नागपूरची. डब्लिनला राहत होती तेव्हा संध्याकाळच्या सुतारकामाच्या वर्गात आमची मैत्री झाली. पुढे नोकरीसाठी ती ॲथलोनला गेली, मैत्री राहिली. वाटणी ठरलेली होती. मोजमापं आणि ड्रॉइंग माझं, लाकूडकाम तिचं. लग्नाआधी पुण्यात मी एका आर्किटेक्टकडे ड्रॉइंगं काढायचे. इथे आल्यावर मुलगी, घर आणि निखिलच्या बदल्या यांत ते कधी सुटलं ते कळलंही नाही. इतक्या वर्षांनी एखाद्या कागदाच्या कोपऱ्यात पुन्हा माझं नाव येणार होतं. मला या बंदुकीकडून तेवढंच हवं होतं.

असं एक अस्सल जुनं हत्यार गॉलवेच्या आतल्या भागात एका जुन्या घरात आहे, हा शोध मी लावला. मालकीणबाईंना ईमेल करकरून परवानगीही मीच मिळवली. मुग्धा मात्र म्हणत राहिली, "घाई काय आहे आसू, पुढच्या महिन्यात जाऊ." प्रस्तावाची मुदत जवळ येत चालली, तसं मी एकटीनेच जायचं ठरवलं.

वाटेची माहिती हवी असणाऱ्यांसाठी: डब्लिनला वळसा घालणाऱ्या एम-फिफ्टी रस्त्यावर टोलनाका नाही, वर नुसते कॅमेरे आहेत. पैसे दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत ऑनलाइन भरावे लागतात, विसरलात तर दंड. पुढे एम-फोर, मग एम-सिक्स. दीड-दोन तासांत ॲथलोन येतं. तिथे शॅननच्या काठावर कॉफी आणि स्कोन घेतला, आठ युरोंच्या आसपास झाले. स्कोन चांगला होता. नदी राखाडी, फुगलेली होती. मुग्धाचं ऑफिस तिथून पाच मिनिटांवर, म्हणून मेसेज केला: 'तुझ्या गावात आहे. बंदूक बघायला चाललेय.'

बराच वेळ ती काहीतरी टाइप करत होती, पुसत होती. शेवटी आलं: 'आज? एकटीच? थांब ना, पुढच्या आठवड्यात दोघी जाऊ.' मुक्कामाचं बुकिंग झालंय, असं मी कळवलं. त्यावर नुसता अंगठा आला.

बॅलिनस्लोनंतर मोठा रस्ता सोडला की कुंपणांच्या मधून जाणारी वाट लागते, मधोमध गवत वाढलेली. समोरून ट्रॅक्टर आला की कुणीतरी मागे घ्यायचं, आणि ते कुणीतरी म्हणजे आपणच. रात्रीचा मुक्काम एका शेतावरच्या घरी केला, न्याहारीसकट पंचाहत्तर युरो. मी शाकाहारी म्हटल्यावर बाई "ग्रँड" म्हणाल्या आणि सकाळी सॉसेज वगळून बीन्स, मश्रूम, टोमॅटो आणि सोडा ब्रेडचा ढीग वाढला. इतकं खाऊन निघाले ते बरं झालं, कारण त्या दिवशी पुढे जेवायला कुठे थांबलेच नाही.

घर मोठं, पण निम्मं बंद होतं. मालकीणबाई ऊना सत्तरीच्या, पायात चिखलाचे बूट, मागे दोन कुत्री. मला बघून हसल्या.

"आसावरी, इतक्यात परत?"

मी म्हटलं, मी पहिल्यांदाच येतेय. त्यांनी चष्मा सारखा करून माझ्याकडे नीट पाहिलं.

"मग गेल्या महिन्यात आली ती कोण?"

वर्णन ऐकायची गरजच नव्हती, तरी त्यांनी केलं. आखूड केस, उंच, हिरवं जॅकेट. ते जॅकेट घेताना मी बरोबर होते. ऊनाला वाटलं, ईमेलवाली भारतीय बाई आली. दार उघडलं, चहा दिला. "मी दिवसभर तिला आसावरीच म्हणत होते," त्या म्हणाल्या. "ती काही बोलली नाही."

त्यांचा चेहरा इतका पडला की मीच म्हटलं, आम्ही एकत्रच काम करतो, काहीतरी गोंधळ झाला असेल.

जेवणाच्या टेबलावर घोंगडी अंथरून त्यांनी बंदूक ठेवली. जड नव्हती. डाव्या बाजूला पितळेचा नागमोडी ड्रॅगन होता. म्हणे तो नसेल तर तिकडचे शिकारी बंदूक खरी मानायचे नाहीत. चापाभोवतीची कडी चांगली रुंद, थंडीत हातमोज्यासकट बोट जावं म्हणून. मी माझा लोकरी मोजा घालून पाहिला. बोट आरामात गेलं.

पण मला हवी होती ती आतली यंत्रणा. घोडा मागे ओढला की आत काय सरकतं, कुठली पट्टी कशावर बसते, हे बाहेरून दिसत नाही, आणि ते कळल्याशिवाय दस्त्याचं लाकूड आतून कोरता येत नाही. मी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला तसा ऊनाने माझ्या हातावर हात ठेवला. स्क्रूंच्या खाचा झिजल्या आहेत. जुन्या वस्तू जपणाऱ्या तज्ज्ञाने सांगितलं होतं, एकदाच उघडा, पुन्हा नको, लाकूड चिरेल.

"ती एक वेळ होऊन गेली," त्या म्हणाल्या. "तुमच्या नावाची."

मग मी बाहेरून जे दिसत होतं ते काढत बसले. दस्त्यावर बोट फिरवताना मेण भरलेली बारीक भोकं लागली, वर्तुळात, उजेड तिरपा पडला तरच दिसणारी. ऊनाला विचारलं. त्या म्हणाल्या, तिथे पितळी खिळे होते. पहिल्या मालकाने, त्या शिकाऱ्याने, हौसेने ठोकलेले. त्यांच्या आजीला ते ओंगळ वाटले, तिने उपटून काढले. फरच्या व्यापारातून बंदूक इथे आणणाऱ्या कारकुनाचं तैलचित्र जिन्यात आहे. शिकाऱ्याचं नाव कुणालाच माहीत नाही. मी ते वर्तुळ कागदावर उतरवून घेतलं, प्रत्येक भोक जागच्या जागी.

येताना ॲथलोनला मुग्धाच्या दारात गाडी लावली. तिने दार उघडलं आणि पाणी आणायला आत गेली, जणू मी ऊन डोक्यावर घेऊन आले होते. टेबलावर ड्रॉइंग पसरलेलं होतं. लपवलं नव्हतं, एवढं म्हणेन. आतली स्प्रिंग, पट्ट्या, स्क्रू, सगळं नेटकं. रेघ जिथे संपते तिथे हात किंचित दाबायचा, ही सवय तिला मीच लावली होती.

"तू गेली असतीस तर अजून दोनदा बघू म्हणाली असतीस," ती म्हणाली. "मुदत संपली असती, आसू."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू आली असतीस."

प्रस्ताव कुणाच्या नावाने दिलास, हेही मी विचारलं. तो दोन आठवड्यांपूर्वीच गेला होता, तिच्या एकटीच्या नावाने, आणि संग्रहालयाने मुदतीआधीच मंजूरही केला होता. काम लाकडाचं आहे, असं ती म्हणाली. पाण्याचा ग्लास तसाच ठेवून मी उठले. ती दारापर्यंत आली तेव्हा हळूच म्हणाली, "फळी तुझ्याकडेच आहे."

ती फळी अक्रोडाची, आम्ही दोघींनी मिळून निवडलेली. तिच्या फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून आमच्या शेडमध्ये ठेवलेली. आणली त्या दिवशी गाडीत मावेना. पुढची सीट आडवी करून फळी तिथे निजवली आणि मी मागे बसून तिचं टोक खांद्यावर धरलं. सबंध वाट आम्ही हसत होतो.

निखिल म्हणाला, देऊ नकोस. मलाही तसंच वाटत होतं. एकदा मध्यावर पेन्सिलने रेघसुद्धा मारली, अर्धी तिची, अर्धी माझी. पण या बंदुकीचा दस्ता नळीच्या टोकापर्यंत एकसंध असतो. अर्ध्या फळीचं कुणालाच काही होत नाही.

पुढच्या शनिवारी मुग्धा आली. फळी आम्ही दोघींनी उचलली, पावलं आपोआप जुळली. तिने पुढची सीट आडवी केली. या वेळी टोक धरायला कुणी लागलं नाही, पट्ट्याने बांधलं.

"दस्त्यावरची भोकं पाहिलीस का?" मी विचारलं.

"कुठली भोकं?"

त्या वर्तुळाचं ड्रॉइंग वरच्या खोलीत माझ्या टेबलावरच होतं. आजही तिथेच आहे, कोपऱ्यात माझं नाव घातलेलं.

"काही नाही," म्हटलं. "टोल तेवढा उद्या आठच्या आत भर."