दफेदारांचं खिमट

सरकार बदललं की कुणाची खुर्ची जाते, कुणाचा बंगला जातो. ग्वाल्हेरच्या सूर्याजी दफेदारांचे पहिल्यांदा घोडे गेले आणि दुसऱ्यांदा नातीचं दूध.

घोडे गेले ते संस्थान विलीन झालं तेव्हा. मुरारच्या छावणीत, संस्थानच्या घोडदळाच्या पागेत सूर्याजींनी तीस वर्षं काढली होती. पुढे संस्थानची फौज दिल्लीच्या फौजेत मिसळली, तरण्या जवानांना नव्या वर्द्या मिळाल्या आणि पन्नाशी उलटलेल्यांना नारळ. सूर्याजी गोरखी वाड्याच्या मागच्या गल्लीत आपल्या दोन खोल्यांत येऊन बसले. पहाटे चारला उठायची सवय काही सुटली नाही. उठून करायचं काय, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांच्या भिंतीला भिंत लागून शामलेचं घर. शामलेचे यजमान गोविंदराव मध्य भारत सरकारात हेडक्लार्क होते. हे सरकारही मोठं हौशी. सहा महिने ग्वाल्हेरला बसायचं आणि सहा महिने इंदूरला, त्यामुळे गोविंदरावांचा बिस्तरा कधी पुरता सुटतच नसे. घरात सत्ता सासूबाईंची. विजयाबाईंचं सोवळं एवढं कडक, की पाणी भरून येताना समोरून कुणी आलं तर त्या भिंतीला चिकटून उभ्या राहत आणि गल्लीतली माणसं लांबूनच वाट बदलत. सूर्याजी तर त्या घराकडे मान वर करून बघतसुद्धा नसत.

छप्पनच्या फेब्रुवारीत सूर्याजींची सून बाळंतपणात गेली. मूल दहा दिवसांचं होतं. मुलगा महिपतराव फौजेत, दूर पहाडात. तो आला, दिवस केले आणि रजा संपली तसा परत गेला; दिवसांना आलेली, पोरीला पाजणारी नात्यातली बाईही गेली. घरात राहिले सूर्याजी आणि कापडात गुंडाळलेली राजलक्ष्मी. सूर्याजींची बायको आधीच वारलेली.

ती पोर भिंतीपलीकडे दिवसभर रडली. शामलेची सरोजिनी तेव्हा दोन महिन्यांची होती. शामला तिला पाजत बसली होती आणि पलीकडच्या प्रत्येक हुंदक्याला तिची नजर भिंतीकडे जात होती. पण बोलायची सोय नव्हती. तेवढ्यात विजयाबाई उठल्या. सोवळ्यातल्या, ओल्या लुगड्यानिशी गेल्या, आयुष्यात पहिल्यांदा सूर्याजींचा उंबरा ओलांडला, पोर उचलून आणली आणि सुनेच्या मांडीवर ठेवली.

"बसलीयेस काय अशी बघत? तुझ्याजवळ आहे ना, मग पाज."

मग त्यांनी पुन्हा आंघोळ केली. त्या विषयावर घरात नंतर कुणी चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवसापासून शामलेच्या दारात रोज पहाटे तांब्याभर म्हशीचं दूध येऊन पडू लागलं. आठवड्याला तूप, डिंक, खारका. एकदा तिने सूर्याजींना म्हटलं, की अहो एवढं कशाला? तर ते जमिनीकडे बघत म्हणाले, "पाजणारीला खुराक पाहिजे वहिनी. नाहीतर ती उतरते." घोडीला लावतात तो शब्द आपल्याला लावला, म्हणून शामला घरात येऊन पदरात तोंड घालून हसली.

आठ महिने असे गेले. आणि मग दिल्लीने नकाशा पुन्हा एकदा पुसला. मध्य भारत खलास, एक नोव्हेंबरपासून मध्य प्रदेश, आणि राजधानी भोपाळ. गोविंदरावांचं खातं, कपाटं आणि माणसं मिळून, सगळंच तिकडे निघालं. ऐन दिवाळीत. घरोघर बायकांनी ट्रंका काढल्या आणि भोपाळला चकल्यांची भाजणी मिळेल की नाही याच्या चर्चा सुरू झाल्या. शामलेच्या डोक्यात पहिला विचार आला तो राजलक्ष्मीचा.

कारण ती पोर दुसरं काही घेतच नव्हती. उष्टावणाला अंगठी बुडवून ओठाला खीर लावली, ती तिने थुंकली. गाईचं दूध दिलं की जुलाब. पावसाळ्यात अशी वाळली, की मनगटावरची काळ्या मण्यांची दोरी कोपरापर्यंत सरकायची. मुरारच्या डॉक्टरांनी तिला तपासून सूर्याजींना बाजूला घेतलं. हिच्या पोटात अन्न जायला हवं, म्हणाले. नुसत्या दुधावर आता भागणार नाही, आणि तेही बंद झालं तर माझ्या हातात काही नाही.

"मी हिला भोपाळला नेते," शामला म्हणाली. सासूला विचारलंही नव्हतं.

सूर्याजी म्हणाले, "तुम्ही बोललात यातच सगळं आलं वहिनी. पण महिपतच्या घरात आता एवढंच बाकी आहे. हिला मी खायला शिकवीन."

हातात तीन आठवडे होते.

विजयाबाईंनी बाळाच्या खिमटाची शिकवणी घेतली. सूर्याजी अंगणात पाटावर, त्या ओसरीवर. "दफेदार, ध्यान देऊन ऐका. तांदूळ दोन मुठी, मुगाची डाळ एक मूठ. धुवायची, सावलीत वाळवायची, उन्हात नाही. मग मंद भाजायची. खमंग वास आला की उतरवा, लाल होऊ देऊ नका. चिमूटभर जिरं. जात्यावर भरड काढा. शिजवताना पाणी भरपूर, आणि चमचा थांबवायचा नाही. वरून तूप. मीठ नाही, तिखट नाही, तुमचा तो रस्सा तर बिलकुल नाही."

सूर्याजींनी खिमट असं शिजवलं, की विजयाबाईंनासुद्धा नाव ठेवायला जागा मिळाली नाही. घोड्यांचा महेला, म्हणजे उकडलेला दाणा, तीस वर्षं शिजवलेला माणूस. दाणा किती फुगला हे तो वासावरून सांगायचा. पण पुढचं सगळं पागेच्या शिस्तीने चाललं. सहा, दहा, दोन, सहा अशा वेळा कोळशाने भिंतीवर लिहिल्या. खिमट मापून घेतलं. राजलक्ष्मीने तोंड मिटलं. दुसऱ्या दिवशीही मिटलं. तिसऱ्या दिवशी सूर्याजींचा धीर सुटला. आजारी घोड्याला औषध पाजताना जबडा दाबून बांबूच्या नळीने घशात ओततात, तसा त्यांनी पोरीचा जबडा दोन बोटांत धरला आणि चमचा आत लोटला.

शामला धावत गेली तेव्हा पोर निळी पडली होती. ठसका, उलटी, आणि मग घसा बसेपर्यंत रडणं. शामलेने तिला हिसकावून घेतलं. जन्मात कुणाशी चढ्या आवाजात न बोललेली शामला त्या दिवशी दफेदारांना नको नको ते बोलली. "पोरगी आहे ती, तुमच्या पागेतलं जनावर नाही."

सूर्याजी ऐकून घेत उभे राहिले. तेव्हापासून नुसता चमचा दिसला तरी राजलक्ष्मी मान फिरवून किंचाळू लागली, आणि दिवस राहिले सतरा.

दसरा आला. पूर्वी या दिवशी सूर्याजी घोडा धुऊन, झेंडूच्या माळा घालून मिरवणुकीला जात. यंदा ते मुरारला गेले आणि रिकाम्या पागेत नुसते बसून आले. संध्याकाळी सोनं द्यायला शामलेच्या दारात उभे राहिले, आपट्याची पानं विजयाबाईंच्या पायाशी ठेवली आणि म्हणाले, "मला एक शिंगरू आठवलं."

शामलाही आतून दाराशी आली.

"घोडी शूळ उठून मेली होती. शिंगरू काही तोंडात घेईना. आम्ही सगळे त्याच्या मागे परेशान. तर आमच्या रिसालदारांनी एक म्हातारा आंधळा घोडा आणून त्याच्या शेजारी बांधला, आणि आम्हाला बोलले, चला, सगळे हटा इथून. म्हातारा दिवसभर आपला तोबरा खायचा. शिंगरू बघायचं. आम्ही त्याला भरवत होतो वहिनी, पण खाऊन कुणी दाखवलंच नव्हतं."

विजयाबाईंनी कपाळावरचा पदर सारखा केला. "म्हणजे आता तुम्ही काय करणार?"

"खाणार," सूर्याजी म्हणाले.

आणि त्यांनी खाल्लं. मटणाच्या रश्श्यात कोरड्या मिरचीची फोडणी कमी पडली म्हणून ताट सरकवणारा तो माणूस दिवसातून चार वेळा बिनमिठाचं खिमट खाऊ लागला. दुसरं काहीही नाही. चमचे उचलून ठेवले. भिंतीवरच्या वेळा पुसल्या. पोर जागी होऊन हुशारीत आली की चटईवर तिच्यासमोर मांडी घालून बसायचं, परात मध्ये ठेवायची, बोटांनी घास घ्यायचा आणि सावकाश खायचा. तिला द्यायचं नाही, बोलवायचंही नाही. शामलेला त्यांनी एकच विनंती केली, की पाजायला सकाळ-संध्याकाळच यावं, एरवी नजरेस पडू नये. तुमचा वास आला की ती माझ्याकडे बघत नाही, म्हणाले.

गल्लीला विषय मिळाला. म्हातारा चळला, दूधपिता झाला, असं लोक म्हणू लागले. शामलेला हसू आलं नाही. मधल्या भिंतीत माठ ठेवायचा कोनाडा होता, त्याची मागची जाळी फुटली होती. ती दुपारी तिथे डोळा लावून उभी राहायची आणि सरोजिनी पायाशी लुगडं ओढत असायची. पलीकडे रोज तेच. म्हातारा खातोय, पोर बघतेय. सूर्याजींच्या गालांची हाडं वर आली होती. पोरीचीही आली होती. चौथ्या दिवशी शामलेला वाटलं, जाळीतूनच ओरडावं, पुरे झालं, द्या तिला इकडे. दूध दाटून तिची चोळी भिजली होती. पण म्हाताऱ्याच्या बसण्यात असं काही होतं, की ती जाळीपासून मागे सरली.

सातव्या दिवशी पोर बघता बघता पुढे सरकली. रांगत परातीपाशी आली. परातीला हात लावला नाही. सूर्याजींच्या गुडघ्याला धरून उभी राहिली, मान वाकडी करून त्यांच्या चावणाऱ्या तोंडाकडे अगदी जवळून बघितलं. त्यांच्या पांढऱ्या मिशीला खिमट लागलं होतं. तिने मिशी मुठीत धरली, ओढली आणि ती मूठ आपल्या तोंडात घातली.

सूर्याजी हलले नाहीत. तोंडातला घास तसाच. सरकारांची स्वारी समोरून जाताना पहाऱ्यावर उभे राहावं तसे ताठ बसून राहिले, फक्त डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात वर जात नव्हता. पोरीने मूठ चोखली. विचार केला. पुन्हा मिशी धरली.

शामला जाळीला कपाळ टेकून बघत होती. ती स्वतः एक लेक वाढवत होती. सरोजिनी कधी खायला लागली हे तिला आठवतसुद्धा नव्हतं, कुणीतरी भरवलं आणि ती खाऊ लागली, एवढंच. माणसाचं पिल्लू पहिला घास आपल्या मनाने घेतं तेव्हा केवढी गोष्ट घडते, हे तिने आज पहिल्यांदा बघितलं. तिचे हात आपोआप जोडले गेले. कुणाला, ते तिलाही सांगता आलं नसतं, पोरीला की त्या म्हाताऱ्याला.

तिने घरात जाऊन सासूला सांगितलं. विजयाबाईंनी हातातली जपाची माळ खाली ठेवली. मग म्हणाल्या, "त्यांना तूप नेऊन दे. आपल्या घरचं."

मिशीवरून परात, परातीतून बोट, बोटावरून मूठ. तीन दिवसांत राजलक्ष्मी परातीत दोन्ही हात घालून बसू लागली. जुलाब झाले नाहीत. शामलेने सकाळचं पाजणं बंद केलं.

निघायच्या दिवशी दोन तांगे दारात लागले. एकात ट्रंका, एकात माणसं. गोविंदराव घड्याळ बघत होते. विजयाबाई तांग्यात चढता चढता सुनेला म्हणाल्या, "जा, एकदा शेवटचं पाजून ये तिला. पोट भरलेलं असलं की रडणार नाही."

शामला गेली. आजोबा आणि नात चटईवर जेवत होते. सूर्याजींनी तिला बघितलं आणि तोंड भिंतीकडे करून बसले. शामला खाली बसली, हात पसरले. राजलक्ष्मी खुदकन हसली आणि भरल्या हातांनी रांगत तिच्याकडे आली, मांडीवर चढली. शामलेने पदर सावरला, चोळीच्या गाठीला हात घातला. आता ही सवयीने कुशीत शिरेल, आणि मग हिला सोडवून तांग्यात बसणं आपल्याने कसं होणार, हाच विचार तिच्या मनात होता.

पोर कुशीत शिरली नाही. तिने शामलेच्या तोंडाकडे बघितलं, मूठ वर केली आणि मुठीतलं खिमट तिच्या ओठांवर दाबलं. शामलेने तोंड उघडलं. बिनमिठाचं, कोमट, तुपाच्या वासाचं. तिने गिळलं की नाही, हे पोर अगदी जवळून बघत राहिली. गिळलंय असं दिसल्यावर मांडीवरून उतरली आणि दुसरी मूठ भरायला परातीकडे निघाली.

शामलेला रडू कोसळलं. आठ महिने जिला अंगावर वाढवलं, तिला आता आपण लागत नाही, याचं ते रडू होतं, आणि तेवढंच ते आनंदाचंही होतं. चोळीची गाठ तिने तशीच राहू दिली.

बाहेरून गोविंदरावांची हाक आली. सूर्याजी भिंतीकडे बघतच हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, तांगा थांबलाय."

"थांबू दे," शामला म्हणाली. "तिचं वाढणं अजून व्हायचंय."