लहानूचे समोरचे दोन दात

लग्नसराई सुरू झाली की नागपूरच्या इतवारीतल्या रुपरावच्या बँडच्या दुकानासमोर दुपारपासूनच वाजवणारे जमायचे. कोणी ढोलाची दोरी ताणतोय, कोणी पितळी बाजा फडक्यानं पुसतोय, कोणी दुसऱ्याचा लाल कोट घालून तो आपलाच म्हणून भांडतोय. लहानू मेश्राम सगळ्यांच्या शेवटी यायचा. क्लॅरनेटची पेटी काखेत, कोट हातावर, आणि चेहरा असा, की वाजवायला नाही, पोतं उचलायला चाललाय. पण तो आला की रुपरावचा जीव भांड्यात पडायचा. गाण्याची चाल धरायची ती क्लॅरनेटनं. बाकीचे बाजे त्याच्या मागं. लहानू नसला तर वरात चालेल, पण कोणतं गाणं वाजतंय ते नवरदेवालाही कळणार नाही, हे रुपराव स्वतःच सांगायचा.

लोकांना वाटतं क्लॅरनेट ओठांनी वाजतं. खालचा ओठ माउथपीसच्या वेताच्या पत्तीखाली असतो हे खरं, पण वरून ते धरून ठेवतात ते समोरचे दोन दात. फुंक मारताना, चालताना, गर्दीत धक्के खाताना सगळा भार त्यांच्यावर. लहानूचे हेच दोन दात त्या वर्षी बिघडले. डावा आधी सैल झाला. जिभेनं ढकलला की हलायचा, गार पाणी लागलं की कळ यायची आणि बराच वेळ ठणकत राहायची. उजवा घट्ट होता, पण त्याच्या वरच्या हिरडीवर फोड यायचा. फुगायचा, दुखायचा, मग फुटून तोंडात खारट घाण यायची आणि दुखणं शांत व्हायचं. शांत झालं की लहानू म्हणायचा, गेलं. पंधरवड्यानं फोड पुन्हा हजर.

बँडमधले बहुतेक जण खर्रा खायचे, तंबाखू-सुपारी-चुना घोटून केलेला. लहानूही खायचा. एक वरात संपून दुसरीच्या दारात उभं राहायचं, पाय भरून आलेले, पोटात काही नाही, अशा वेळी गालात खर्रा असला की उभं राहता यायचं. हिरड्यांतून रक्त येणं हे त्याला कित्येक वर्षांचं ओळखीचं होतं. ब्रश लाल झाला तर तो धुऊन टाकायचा आणि विसरून जायचा.

वस्तीजवळच्या डॉक्टरांनी हिरड्या बघितल्या, दात खरवडून साफ केले, गोळ्या आणि गुळण्यांचं औषध दिलं. थोडे दिवस बरं वाटलं. मग फोड परत आला. पुन्हा सफाई, पुन्हा गोळ्या. तिसऱ्यांदा गेला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हिरडीचा आजार पुढे गेलाय. दोन्ही दात काढून टाका, कवळी बसवू."

"कवळीवर क्लॅरनेट वाजते का, डॉक्टरसाहेब?"

"नाही वाजणार. तेवढा जोर ती सहन करत नाही."

घरी येऊन त्यानं बायकोला, ताराला, सांगितलं. तारा एका शाळेत पोषण आहार शिजवायची. दुपारी घरी येऊन नुकती पाय पसरून बसली होती. लहानूचं वाजवणं सुटणार म्हणून त्याला वाईट वाटत असेल असं तिला वाटलं. खरी गोष्ट वेगळी होती. डॉक्टरांचं बोलणं ऐकून तो पायऱ्या उतरला तेव्हा खांद्यावरून काहीतरी खाली ठेवल्यासारखं त्याला झालं होतं. डीजेच्या गाडीमागं फरफटत वाजवायचं, आपल्याच फुंकीचा आवाज आपल्याला ऐकू यायचा नाही, तरी गाल फुगवत राहायचं. याचा त्याला कधीपासून कंटाळा आला होता. पण हात-पाय धड असताना सोडतो कसं म्हणायचं? आता दातच गेले म्हटल्यावर कोणी काही विचारणार नव्हतं.

"अजी, काढणं काय पळून चाललं?" तारा म्हणाली. "एक डाव मोठ्या दवाखान्यात दाखवू. मग काढा."

"कायले वं? सांगितलं ना त्यानं."

"मी सुट्टी टाकते म्हणते ना. चाला."

तिच्याशी वाद घालण्याइतकंही बळ त्याच्यात नव्हतं, म्हणून तो गेला.

दातांच्या सरकारी दवाखान्यात सकाळची रांग संपून नंबर लागेस्तोवर दुपार झाली. तपासायला डॉ. वेदिका म्हणून एक तरुण मुलगी होती. तिनं आधी त्याला बोलू दिलं. मग एक बारीक खुणांची सळई घेऊन ती प्रत्येक दाताच्या कडेनं हिरडीत किती खोल जाते ते बघत गेली. डाव्या दाताभोवती सळई सगळीकडून खोल गेली. उजव्याच्या भोवती मात्र ती वरवर अडत होती, आणि एकाच जागी, एका अरुंद फटीतून, सरळ वर मुळाकडे गेली. तिथं वेदिका थांबली. पुन्हा एकदा बघितलं. मग कापसाचा बर्फासारखा गार बोळा तिनं डाव्या दाताला लावला. लहानू खुर्चीतून उठलाच. उजव्याला लावला.

"काही जाणवते का, काका?"

"नाही."

"आता?"

"काहीच नाही, मॅडम. लाकडाले लावल्यासारखं वाटून राहिलं."

"या दाताला कधी मार लागला होता?"

लहानूला आठवावं लागलं. बऱ्याच वर्षांपूर्वी काटोलच्या एका वरातीत घोडी फटाक्याला बुजली होती. तिचा धक्का लागला आणि क्लॅरनेट दातावर आपटलं होतं. ओठ फाटला, दोन दिवस सूज होती. मग ते सगळे विसरून गेले. तो दात पुढं जरासा काळपट झाला, तो खर्ऱ्यानं झाला असं तो धरून चालला होता.

एक्स-रे आला तेव्हा वेदिकानं दोघांना जवळ बोलावलं. "दाताच्या आत नस असते आणि बाहेरून हिरडी अन् हाड त्याला धरून असते," ती म्हणाली. "आपल्याला ती दोन वेगळी वाटतात. पण मुळाच्या टोकाशी छिद्र असतं, बाजूनंही बारीक वाटा असतात. आतली घाण बाहेर जाते, बाहेरची आत जाते. तुमच्या उजव्या दाताची नस त्या माराने कधीचीच मेली. आत पू झाला, आणि त्यानं बाहेर पडायला हिरडीतून वाट काढली. म्हणून हिरडी कितीही साफ केली तरी फोड येत राहिला. घर आतून जळत होतं, आपण भिंत पुसत होतो."

"अन् डावा?" तारानं विचारलं.

"त्याचं उलटं. तिथं हिरडी आधी खराब झाली, हाड झिजत झिजत मुळाच्या टोकापर्यंत गेलं, अन् तिकडून दुखणं नसेत शिरलं. नसेचा इलाज केला तरी त्याला धरायला हाडच उरलं नाही. तो काढावा लागेल. उजवा मात्र वाचू शकते. आतून साफ करून भरू, मग काही महिने वाट बघू. हाड पुन्हा भरून येते बहुतेक वेळा."

ताराच्या चेहऱ्यावर एकदम ऊन पडलं. लहानू एक्स-रेकडे बघत राहिला. खाली ठेवलेलं ते काहीतरी पुन्हा त्याच्या खांद्यावर येऊन बसलं होतं.

"काय झालं, काका? चांगलीच गोष्ट सांगितली मी."

तारा पाणी प्यायला बाहेर गेली होती. लहानू हळूच म्हणाला, "मले वाटलं होतं, सुटलो."

वेदिकानं हातमोजे काढता काढता त्याच्याकडे बघितलं. तिला समजायला थोडा वेळ लागला. मग ती म्हणाली, "वाजवणं सोडायचं असेल तर दात ठेवूनही सोडता येते ना. त्याच्यासाठी दात कायले काढता?"

हे इतकं सोपं होतं, आणि ते लहानूला सुचलंच नव्हतं.

डावा दात काढताना फारसा जोर लावावाच लागला नाही, इतका तो सैल झाला होता. उजव्याच्या नसेच्या इलाजाला फेऱ्या झाल्या. तोंड उघडं ठेवून जबडा आखडायचा, डोळे मिटून पडायचा, आणि एकदा तर त्या खुर्चीतच त्याला झोप लागली. खर्रा बंद करायला सांगितलं होतं. ते त्याला जास्त जड गेलं. पहिल्यांदा सोडला, मग लपून खाल्ला, मग ताराला वास आला. ती ओरडली नाही. "तुमचा दात आहे," एवढंच म्हणून ती भाकरी थापायला लागली. त्यानंतर त्यानं पुन्हा सोडला. या वेळी बराच टिकला.

क्लॅरनेट पेटीतच होतं. लहानू दुपारी घरी असायचा, हे कित्येक वर्षांत झालं नव्हतं. तो झोपायचा. उठून चहा प्यायचा आणि परत झोपायचा. इतकी झोप आपल्या अंगात साठून होती याचं त्यालाच नवल वाटलं.

एक दिवस रुपराव आला. ओसरीवर टेकला. "कसं करतं गा, लहानू? तारखा येऊन राहिल्या. एक पोरगा ठेवला कॅसिओवाला, पण रस्त्यात त्याले वायर लागते."

"वरातीत नाही येत मी आता, रुपरावभाऊ."

"काहून? दात तर वाचला म्हणते वहिनी."

"दात वाचला. माणूस थकला." लहानूनं हे कधी ठरवलं होतं ते त्यालाही सांगता आलं नसतं. "मांडवात बसून वाजवतो. हळद, पाव्हण्यांचं स्वागत, जेवणाच्या वेळेले. चालत नाही वाजवणार."

रुपराव रागावला. इतक्या वर्षांचा संबंध काढला. मग चहा पिऊन, विचार करून सांगतो म्हणत गेला. महिनाभर काही निरोप नव्हता. लहानूला वाटलं, संपलं. तारा त्याच्यासाठी कुठं चौकीदारी मिळते का विचारायला लागली.

पुढच्या तपासणीत वेदिकानं सळई घातली, तर उजव्या दाताची ती अरुंद फट बंद झाली होती. एक्स-रेत मुळाभोवतीचा काळा डाग, हाड झिजल्याची ती खूण, आक्रसला होता. फोड परत आला नव्हता. बाकीच्या हिरड्या मात्र दर काही महिन्यांनी दाखवाव्या लागतील, तो आजार जन्माचा आहे, असं तिनं बजावलं. डाव्या जागी एक काढघालीचा दात दिला. वाजवताना लहानू तो खिशात ठेवायचा आणि वरचा ओठ दातावरून आत वळवून माउथपीस धरायचा. आवाज पूर्वीइतका भरदार निघेना. ओठ लवकर दमायचा. पण सूर जागेवर लागत होता.

शेवटी रुपरावनंच बोलावलं, काटोलला, एका संत्र्याच्या व्यापाऱ्याकडच्या हळदीला. लहानू मांडवात खुर्चीवर बसून वाजवत होता. बायका हळद लावत होत्या, कोणी ऐकत होतं, कोणी नव्हतं. स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत होता, आणि बऱ्याच दिवसांनी तो कुठं घसरतो तेही कळत होतं. दोन ठिकाणी चाल चुकली. कोणाच्या लक्षात आलं नाही.

परतीच्या बसमध्ये शेजारी जितेंद्र बसला होता, मोठा बाजा वाजवणारा. त्यानं खर्ऱ्याची पुडी पुढं केली. लहानूनं मान हलवली. थोड्या वेळानं जितेंद्र म्हणाला, "माह्याही हिरडीतून रगत येते गा. अन् एक दाढ गार लागलं की चमकते."

"दाखव मग. सकाळी लवकर जा, रांग असते. नस अन् हिरडी दोन्ही तपासा म्हण."

"सीझन संपला की जातो."

लहानूला बरंच काही सांगता आलं असतं. पण ओठ सुजल्यासारखा झाला होता आणि पाठ अवघडली होती. तो "जाय मात्र" एवढंच म्हणाला आणि खिडकीला डोकं टेकून बसला. जितेंद्रनं पुडीतला खर्रा तळहातावर घेऊन चोळला आणि गालात ठेवला. बस संत्र्यांच्या ट्रकांमागं हळूहळू नागपूरकडे चालली होती.