आमेनकाका आणि समोरचा

आमेनकाकांच्या सलूनमध्ये केस कापून झाले हे गिऱ्हाइकाला आरशात बघून नव्हे, ऐकून कळायचं. मानेवरचे केस झटकून, पावडरचा हलका हात फिरवून कापड सोडताना काका स्वतःशीच पुटपुटायचे, "आमेन." म्हणजे आता उठा.

सत्तावीस वर्षं हे असंच चाललं होतं. केस कापून घेताना माणूस सगळं बोलतो. कुणाची परीक्षा असते, कुणाची आई आजारी असते, कुणाचं लग्न जमत नसतं. काका फार बोलायचे नाहीत. हातातली कात्री चालू ठेवून ते त्या माणसाचं सगळं मनातल्या मनात देवाच्या कानावर घालायचे आणि शेवटचा शब्द तेवढा तोंडातून निसटायचा. त्यावरून गल्लीने त्यांचं बारसं पुन्हा केलं. चर्चमध्ये एक प्रार्थना आणि दुकानात दुसरी, असं त्यांना कधी जमलंच नाही.

मग समोर नवं सलून उघडलं.

काचेचं दार, निळे-लाल दिवे, मागे झुकणाऱ्या खुर्च्या आणि सकाळपासून गाणी. मालक तिशीतला, कानावरचे केस सफाचट आणि कपाळावर केसांचं एक झुलूप. महिन्याभरात काकांची तरणी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून गेली. एकजण तर तोंडापुढे वर्तमानपत्र धरून गेला आणि तोंड झाकण्याच्या नादात खांबावर आपटला.

काकांच्या सकाळच्या प्रार्थनेत तेव्हापासून एका ओळीची भर पडली. "आणि देवा, समोरच्या मुलाला एखाद्या मोठ्या शहरात मोठं दुकान मिळू दे."

काकूंनी चार दिवस ऐकलं. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "अहो, त्याचं भलं मागताय की त्याला घालवताय?"

"भलंच मागतोय की!" काका म्हणाले आणि चप्पल घालून घाईने निघाले.

एका सकाळी समोरचा स्टुलावर चढून पाटी पुसत होता. स्टूल कलंडलं आणि तो उजव्या हातावर पडला. काका गिऱ्हाईक तसंच सोडून धावले. आपल्याच खांद्यावरच्या कापडाने त्याचा हात गळ्यात बांधला, गाडी केली आणि त्याला दवाखान्यात नेलं. मनगट मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर.

दुपारी समोरचं शटर खाली होतं आणि काकांच्या बाकावर तीन जुनी तरणी गिऱ्हाइकं लाजत बसली होती. काकांचे हात सपासप चालत होते. दोघांचे केस झाले, तिसऱ्याचं कापड सोडताना त्यांच्या लक्षात आलं की आपण शीळ घालतोय. "आमेन" काही तोंडातून निघालं नाही. गिऱ्हाईक बिचारं खुर्चीत बसूनच राहिलं.

घरी गेल्यावर त्यांनी काकूंना सांगून टाकलं. "मला आनंद झाला गं. वाटलं, देवाने माझं ऐकलं."

काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. हातातला सदरा त्यांनी बाजूला ठेवला. "असलं ऐकत बसायला देव काय तुमचा मुनीम आहे? शेजाऱ्यावर प्रीती करायला सांगितलंय म्हणून दर रविवारी मान डोलावता. शेजारी म्हणजे कोण, डोंगरापलीकडचा? मध्ये दहा पावलांचा तर रस्ता आहे."

काकांनी त्या दिवशी बिनमिठाची आमटी दोनदा वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी ते रस्ता ओलांडून गेले. समोरचा दुकानामागच्या खोलीत डाव्या हाताने बटणं लावायची खटपट करत होता. काकांनी आधी त्याची बटणं लावली आणि मग म्हणाले, "सकाळी माझं दुकान, दुपारी दोननंतर तुझं. सहा आठवडे. कमाई तुझ्या गल्ल्यात. ते केस कापायचं मशीन कसं धरायचं तेवढं मला शिकव."

त्याने डोळे बारीक केले. "काका, सरळ बोला ना. माझी गिऱ्हाइकं पाहिजेत?"

"काल पाहिजे होती," काका म्हणाले. "आज नकोत."

पहिला आला एक कॉलेजचा मुलगा. त्याला कानावरचे केस खालून वर विरत गेलेले हवे होते. काकांनी जन्मात मशीन धरलं नव्हतं. समोरचा गळ्यात बांधलेला हात सांभाळत शेजारी उभा राहिला, "वर घ्या, काका, अजून वर… थांबा! थांबा म्हटलं ना!" कपाळावरून घाम निथळत होता तो तिघांच्याही. अखेर काम बरं जमलं. काकांनी कापड झटकलं आणि सवयीने म्हणाले, "आमेन."

मुलगा ताडकन उठला. "काय झालं? बिघडलं का?"

समोरचा इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.

आठवड्याभरात काकांची म्हातारी मंडळीही त्यांच्या मागोमाग रस्ता ओलांडून आली. एक निवृत्त हेडमास्तर झुकणाऱ्या खुर्चीत दाढीला बसले आणि साबण लावून होईपर्यंत घोरू लागले. समोरच्याने मुकाट्याने गाणी बंद केली. वस्तरा कसा फिरतो ते तो जवळ येऊन बघू लागला. हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

एकदा गिऱ्हाईक नसताना त्याने विचारलं, "काका, तुम्ही पुटपुटता काय ओ?"

काकांनी सांगितलं.

तो झुकत्या खुर्चीत टेकला. "माझ्यासाठी पण प्रार्थना केलीत कधी?"

"केली. चुकीची केली." आणि काकांनी ती मोठ्या शहराची ओळ जशीच्या तशी म्हणून दाखवली. कान लालेलाल झाले होते त्यांचे.

समोरच्याने आपल्या प्लास्टरकडे पाहिलं. "म्हणजे ते स्टूल तुमच्या देवाने ओढलं?"

"नाही रे बाबा! तू पाय कडेला ठेवलास. मी बघत होतो."

दोघंही हसत सुटले. हसता हसता काकांचे डोळे भरून आले. मग त्याच दुकानात, त्याच्याच खुर्चीमागे उभं राहून, काकांनी त्याच्या झुलपावर हात ठेवला आणि त्या मनगटासाठी मोठ्याने प्रार्थना केली. त्याने मान खाली घातली होती. केसांना धक्का लागला तरी त्याने तक्रार केली नाही.

प्लास्टर निघालं त्या दिवशी त्याने बोटं उघडून मिटून पाहिली आणि काकांना म्हणाला, "बसा. पहिलं डोकं तुमचं. तुमचे केस कापतं कोण?"

"तुझी काकू."

"दिसतंय ते," तो म्हणाला आणि कात्री उचलली. हात अजून आखडलेला होता, म्हणून त्याने तासभर घेतला. काका डोळे मिटून बसले. इतक्या वर्षांत असं खुर्चीत कुणी त्यांना बसवलं नव्हतं.

घरी काकूंनी दारातच त्यांना डावीकडून, उजवीकडून निरखलं. "दहा वर्षांनी लहान दिसताय. कुणी कापले?"

"समोरच्याने."

"मग आता दर महिन्याला तिकडेच जायचं," काकू म्हणाल्या आणि आपली जुनी कात्री त्यांनी शिवणाच्या डब्यात टाकली. "सुटले बाई एकदाची!"