संत्र्यांची बाग

आमच्या गावात मासवडी कुणाच्या हातची खावी, असं नव्वदच्या दशकात कुणालाही विचारलं असतं तरी एकच उत्तर मिळालं असतं. नेपाळ्याच्या हातची. गावातल्या बायका नवऱ्याला चांगलं म्हणायच्या नाहीत, पण ही गोष्ट कबूल करायच्या.

लहानपणी बापाचं बोट धरून तो नेपाळातून निघाला. बाप वाटेतच वारला. पुढं कुठं कुठं भांडी घासत, येडगाव धरणाचं काम चाललं होतं तेव्हा मजुरांच्या मेसवर आचारी म्हणून इकडं आला. धरण झालं, मेस उठली, हा आमच्या गावात राहिला. लग्न केलं नाही. जुन्नर-आंबेगावात कुठंही मांडव पडला की कढई याची. रेशनकार्ड होतं, मतदानाला रांगेत पहिला असायचा, आणि माझ्यापेक्षा गावठी मराठी बोलायचा. "आमच्या जुन्नरात असलं न्हाई चालत," असं तो नारायणगावच्या भाजीवाल्याला सुनवायचा, तेव्हा भाजीवालासुद्धा वरमायचा.

आता माझ्याबद्दल. माझं औषधा-खतांचं दुकान. पण खरा धंदा बोलण्याचा. जत्रेत, लग्नात, हारतुऱ्यांच्या कार्यक्रमात माईक माझ्याच हातात. समोर चार माणसं बसली की माझ्या जिभेला आपोआप पाय फुटतात. माझी सगळ्यात गाजलेली गोष्ट होती नेपाळ्याचीच. नेपाळच्या डोंगरात याची संत्र्यांची बाग आहे, तीन भाऊ आहेत. एका वर्षी यानं एकट्यानं निम्मी बाग खाऊन टाकली, म्हणून भावांनी याला डोंगरावरून जो ढकलला, तो घरंगळत थेट माळशेज घाटात येऊन थांबला. आणि ते तिघं भाऊ अजून संत्री सोलून याची वाट बघताहेत. शेवटी मी मंडपातल्या चुलाण्याकडं बोट करायचो, आणि तो झारा वर करून लोकांना नमस्कार करायचा. हसून हसून लोक आडवे.

बाग नव्हती. भाऊ नव्हते. दोन्ही मी एका जत्रेत, स्टेजवर चढता चढता तयार केले होते.

दोन हजार सालानंतर त्याचे डोळे गेले. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं, दुसऱ्यानं अंधुक दिसायचं. एका लग्नात त्यानं मिठाच्या जागी सोडा टाकला आणि त्यानंतर बोलावणी थांबली. गावानं त्याला जेवायला वार लावून दिले. सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरं. ज्यानं हजारोंच्या पंगती उठवल्या, तो आता दारात ताट घेऊन बसायला लागला. एकदा मला म्हणाला, "भाऊ, तेवडा निराधारचा पगार व्हतो का बघा. मी माझी चूल पेटवीन. मला लई लाज वाटती वो."

आमच्याकडं निराधार योजनेच्या पैशाला पगारच म्हणतात. मी अर्ज भरला. पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा दाखला आणि सांभाळणारं कुणी नाही, उत्पन्न नाही, याचा पंचनामा हवा होता. तलाठी भला माणूस. चौकशीच्या आधी मला बाजूला घेऊन म्हणाला, "राव, इथं किती वर्षं राहतो ते सांगा, कुणी नाही ते सांगा, आणि गप बसा. मूळ गाव, मूळ देश, मी विचारत नाही. एकदा तो विषय निघाला की नागरिकत्वाचे कागद मागतात, आणि ते काय याच्याकडं असणार?"

"गप बसतो," मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच बोललो असेन.

पंचनाम्याच्या दिवशी चावडीत पाच पंच, त्यातला एक मी, आणि तमाशाला जमावीत तशी माणसं. त्यात तालुक्याहून एक साहेब ऐनवेळी पाहणीला आलेले. पोरसवदा, हसरे. त्यांनी नेपाळ्याकडं बघून सहज विचारलं, "बाबा, दिसायला इकडचे वाटत नाहीत?"

मागून कुणीतरी ओरडलं, "साहेब, त्याची गोष्ट भाऊंना विचारा! लई भारी सांगत्यात!"

तलाठ्यानं माझ्याकडं बघून डोळे वटारले. ते मला दिसले. मी शपथेवर सांगतो, दिसले. पण साहेब खुर्ची सरसावून बसले होते, दारात माणसं दाटली होती, आणि मी उठलो. डोंगर आला, भाऊ आले, संत्री आली. माळशेज घाट येईस्तोवर साहेब रुमालानं डोळे पुसत होते. टाळ्या पडल्या.

मग साहेबांनी पेन उघडलं आणि हसतच विचारलं, "म्हणजे बाबा, तिकडं जमीन आहे म्हणायची? भाऊ आहेत?"

मी उभाच होतो. नेपाळ्यानं आवाजाच्या अंदाजानं माझ्याकडं तोंड वळवलं. तो फक्त 'न्हाई' म्हणाला असता तर बरं झालं असतं. पण मग साहेबांसमोर, सगळ्या गावासमोर मी खोटारडा ठरलो असतो.

"आसंल साहेब," तो म्हणाला. "मी ल्हान व्हतो. भाऊ म्हणत्यात म्हंजी आसंल."

तेव्हाही तोंड उघडता आलं असतं. मी उघडलं नाही. पंचनाम्यावर 'मूळ रहिवासी नेपाळ, तेथे जमीन व भाऊ' असं लिहिलं गेलं, आणि त्याखाली मी माझी नेहमीची, शेपटीवाली सही ठोकली.

अर्ज नामंजूर झाला. मी तालुक्याला गेलो. तिथल्या कारकुनाला हसत हसत सांगितलं, अहो, ती नुसती गंमत होती. तो हसला नाही. त्यानं एक कोरा कागद पुढं सरकवला. "पंच म्हणून मी खोटं सांगितलं, असं लिहून सही करा. मग फेरचौकशी लावता येईल." मी विचारलं, "याचं पुढं काही होतं का?" तो म्हणाला, "होऊ शकतं." मी कागदाची घडी घातली, खिशात टाकली, आणि "जरा वकिलाला विचारून येतो" म्हणून बाहेर पडलो. वकिलाकडं गेलोच नाही. एस.टी.नं घरी आलो.

आमच्या घरी त्याचा वार गुरुवारचा. त्या गुरुवारी बायकोनं मासवडी केली होती. मधून फुटलेली, रस्सा पातळ. तो चाचपत चाचपत जेवला, "वैनी, झ्याक झालीया" म्हणाला. मग ताटावरून हात न उचलता माझ्याकडं वळला.

"भाऊ, तिगं हायत न्हवं मला? मंग एकाला तरी पत्र टाका. पत्ता तुमालाच ठावं आसंल."

बायको स्वयंपाकघरात खुदकन हसली. तिला ते गोष्टीतलंच वाटलं. तो हसला नाही. मी त्याला आणखी वाढलं.

तो आमच्याकडं त्यानंतर पाच वर्षं गुरुवारी जेवला. शेवटपर्यंत त्याची चूल पेटली नाही. कागद अजून कोरा आहे, दुकानाच्या ड्रॉवरमध्ये. जत्रेत लोक अजून ओरडतात, "भाऊ, संत्र्याची सांगा!" मी दुसरी सांगतो.