मशीनच्या डोळ्यावर कुंकू

परदेशात, डँडेनॉन्गच्या त्या फॅक्टरीत लागून मला जेमतेम दोन महिने झाले होते. नववीत शाळा सुटलेल्या बाईला इथे कोणी उभं केलं हेच खूप, म्हणून मी जीव मुठीत धरून काम करायचे. खोकी चिकटवणारं मशीन माझ्याकडे होतं.

खंडेनवमीला आमचे बाबा पिठाच्या गिरणीला हळदकुंकू लावून दिवसभर विश्रांती द्यायचे. इथे विश्रांती कुठली! पण सकाळच्या शिफ्टला, कोणी बघत नाही असं पाहून, मी मशीनच्या कपाळावर कुंकवाचं बोट टेकवलं.

दहा मिनिटांत मशीन ठप्प. मागची अख्खी लाइन थांबली. टेक्निशियन लॅपटॉप जोडून बसला. मला मात्र दिसलं : मशीनला ज्या काचेच्या डोळ्यातून खोकं दिसतं, त्याच्यावरच कुंकू सांडलं होतं.

शेजारची पंजाबी मैत्रीण कुजबुजली, "चुप रह. भगवान ने देखा है, कैमरे ने नहीं."

नोकरी गेली तर? पण टेक्निशियन मशीन खोलायला लागला तेव्हा राहवेना. सुपरवायझरसमोर जाऊन मोडक्या इंग्रजीत म्हटलं, "मी केलं. पूजा. थँक यू म्हणायला."

"मशीनला?"

"हो."

त्याने फडक्याने काच पुसली, लाइन सुरू झाली. मग त्याने मशीन का थांबलं ते नोंदवायचा फॉर्म पुढे सरकवला. 'कारण' या रकान्यावर बोट ठेवून म्हणाला, "लिही."

आमच्याकडे गिरणी बंद पडली की आधी कुणाचा पायगुण ते ठरायचं. मी लिहिलं, 'लाल पावडर. मी.'

"माझे आजोबा पाद्री होते," तो वाचत म्हणाला. "रोज पाऊस मोजून वहीत लिहायचे. देवाने जग नियमाने बांधलंय, नियम शोधणं हीसुद्धा प्रार्थनाच, म्हणायचे. मी चर्चला जात नाही, दोस्त. शोधायची सवय तेवढी राहिली."

त्याने 'मी'वर काट मारली. "कारण विचारलंय. पापी कोण, ते नाही." आणि खाली लिहिलं, काचेला झाकण नाही.

मी तिथेच उभी. जायचं की थांबायचं, कळेना.

"उद्या सहाला ये," तो म्हणाला. "आणि पुढच्या वर्षी बोट जरा खाली लाव."